हेरातची संगणकशाळा : पहिली दहा वर्षं

या स्मरणिकेत आपल्या संगणक वर्गाची हकिगत सविस्तर आली आहे. तिच्या जोडीला दूरच्या एका शाळेचा इतिहास द्यावा, असा आग्रह मी संपादक मंडळाकडे धरला आणि मंडळानं तो मानला. ही शाळा अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातली. नाव ‘कोड टू इन्स्पायर’. २०१५ साली ती सुरू झाली, तेव्हा मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवणारी त्या देशातली ती पहिलीच शाळा होती. २०२५मध्ये तिला दहा वर्षं झाली. मुलींसाठी संगणकाचा वर्ग चालवायचा म्हणजे काय काय सांभाळावं लागतं, हे या दहा वर्षांत जितकं उघड दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्या संस्थेच्या इतिहासात दिसलेलं नाही. प्रोग्रॅमिंग शिकवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग.

स्मरणिकेच्या रिवाजाप्रमाणे इथं गुणवंत विद्यार्थिनींची यादी आणि तुकडीचा फोटो यायला हवा होता. दोन्ही मुद्दाम टाळलं आहे. ज्या मुली अजून त्या देशात आहेत, त्यांचं नाव आणि चेहरा छापल्यानं आपलं पान सजेल, पण त्याचा त्रास त्यांच्या घरापर्यंत पोचेल.

हेरात हे इराणच्या सीमेजवळचं जुनं शहर. पंधराव्या शतकात ते तैमुरी घराण्याचं राजधानीचं ठिकाण होतं. गौहरशाद बेगमेनं तिथं मशीद आणि मदरसा उभारला; त्या परिसरातले काही मिनार आजही उभे आहेत. एका बाईनं बांधलेली विद्येची जागा हेरातला नवी नाही, एवढं यावरून कळावं. शहराला फारसी कवितेचा अभिमान आहे आणि त्या अभिमानात बायकांचा वाटा मोठा. सप्टेंबर १९९५मध्ये तालिबाननं हेरात घेतलं आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. शिवणकाम शिकायला मात्र बायकांना मुभा होती. मग ‘सोनेरी सुई’ नावाचा एक शिवणवर्ग निघाला. बायका पिशवीत कापड आणि कात्री घेऊन एका घरी जमत. आत गेल्यावर कापड बाजूला पडे आणि हेरात विद्यापीठातले प्राध्यापक त्यांना साहित्य शिकवत. बाहेर अंगणात मुलं खेळत. कुणी अनोळखी येताना दिसलं की आत वर्दी पोचे आणि वह्यांच्या जागी सुया येत. नादिया अंजुमन ही कवयित्री त्याच वर्गात घडली. तालिबान गेल्यावर ती विद्यापीठात शिकली, तिचं पुस्तक निघालं, आणि नोव्हेंबर २००५मध्ये नवऱ्यानं मारहाण केल्यानंतर, वयाच्या पंचविशीत, तिचा मृत्यू झाला. राजवट बदलली तरी घरातली राजवट तशीच राहू शकते, हे हेरातच्या बायकांना त्या वर्षी पुन्हा कळलं. संगणकशाळेचा इतिहास या पार्श्वभूमीसकट वाचायला हवा.

शाळेच्या संस्थापक फरेश्ते फोरोग यांचा जन्म हेरातचा नाही. देशात सोव्हिएत फौजा असताना त्यांचे आईवडील हेरात सोडून इराणात गेले. तिथं निर्वासितांच्या घरात, आठ भावंडांत, त्या वाढल्या. निर्वासितांच्या मुलांना शाळेत घालणं खर्चाचं आणि खटपटीचं काम होतं. आई स्वतःच शिवण शिकली, कपडे शिवून विकू लागली आणि त्या पैशांतून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवू लागली. घरात बसून केलेल्या कामाचे पैसे बाईच्या हातात आले की ते कुठं जातात, याचा धडा फोरोग यांना संगणकाच्या फार आधी मिळाला होता. पुढं त्यांनी जी शाळा काढली तिची मूळ कल्पना मला आईच्या त्या शिवणकामात दिसते. त्यांनीही मुलाखतींतून आईचा हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला आहे.

२००१च्या अखेरीस तालिबानची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी कुटुंब हेरातला परतलं. ज्या देशात ते परतले तिथं संगणक म्हणजे काय स्थिती होती? २००१च्याच उन्हाळ्यात तालिबाननं इंटरनेटवर सरसकट बंदी घातलेली होती. देशाचा स्वतःचा इंटरनेट पत्ता, शेवटी ‘डॉट एएफ’ लागणारा, कामाला लागला तो मार्च २००३मध्ये. अशा काळात फोरोग हेरात विद्यापीठात संगणकशास्त्र शिकल्या. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठानं तेव्हा अफगाण विद्यापीठांतले संगणक विभाग उभे करायला हात दिला होता आणि तिथल्या तरुण शिक्षकांना पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत नेलं जात होतं. फोरोग तिथून पदव्युत्तर पदवी घेऊन आल्या आणि हेरात विद्यापीठातच शिकवू लागल्या.

वर्गात समोर मुली होत्या, हुशारही होत्या. पण पदवी घेऊन त्या जायच्या कुठं? चांगल्या नोकऱ्या काबूलला, आणि मुलीला एकटीला काबूलला पाठवणारं घर विरळा. हेरातमध्येच काम मिळालं तरी पुरुषांच्या बरोबरीनं एका खोलीत दिवसभर बसायचं, हे अनेक घरांना मान्य नव्हतं. चार वर्षं शिकून मुलगी लग्न होऊन घरी बसे आणि शिकलेलं वाया जाई. ही तक्रार आपल्याला परकी वाटू नये.

याच शहरात, याच सुमारास, रोया महबूब यांनी २०१०मध्ये ‘अफगाण सिटाडेल’ नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि तीत बायकांना कामावर घेतलं. २०१३ साली ‘टाइम’ साप्ताहिकानं जगातल्या १०० प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांना स्थान दिलं. मुलींच्या शाळांमधून संगणक केंद्रं उघडण्याचं त्यांचं कामही मोठं आहे. पण मला या प्रकरणातली एक व्यवहाराची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लिखाणाचं किंवा संगणकाचं काम करणाऱ्या बायकांना मजुरी द्यायची कशी, हा प्रश्न होता. बहुतेकींचं बँकेत खातं नव्हतं. रोख दिली तर ती वडिलांच्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या हातात जाई. म्हणून २०१४च्या सुमारास बिटकॉइनमध्ये मजुरी देण्याचा प्रयोग झाला. मोबाइलमधल्या पाकिटात आलेली रक्कम जिची तिच्याजवळ राही. फोरोग यांचा या मंडळींशी आणि या प्रयोगाशी जवळचा संबंध होता. शिकवणं आणि कमावणं यांच्यामध्ये ‘पैसा कुणाच्या हातात पडतो’ ही एक तिसरी गोष्ट असते, हे त्यांनी तेव्हापासून डोक्यात ठेवलेलं दिसतं.

२०१२मध्ये फोरोग अमेरिकेत गेल्या. तिथं संस्थेची नोंदणी करून, लोकांकडून वर्गणी आणि लॅपटॉप मिळवून त्यांनी २०१५ साली हेरातमध्ये शाळा उघडली. सुरुवात पन्नासेक मुलींनी झाली. काही हायस्कुलात शिकणाऱ्या, काही विद्यापीठातल्या. फी नाही. संस्थापक परदेशात आणि शाळा स्थानिक शिक्षकांच्या हाती, अशी रचना पहिल्यापासून होती. त्यावर नाकं मुरडणारे असतील, पण पुढं ही रचनाच कामी आली.

शाळा उघडताना ठरलेल्या ज्या गोष्टी आहेत त्या वरवर पाहता संगणकाशी संबंध नसलेल्या आहेत. शाळा फक्त मुलींची. इमारत सुरक्षित, अशी की तिथं मुलगी गेली यात कुणाला बोलायला जागा राहू नये. वेळ अशी की मुलीची नेहमीची शाळा किंवा कॉलेज बुडू नये. ज्यांनी असे वर्ग चालवले आहेत त्यांना याचं वजन लगेच कळेल. आपल्याकडेही प्रवेशाच्या दिवशी आई मुलीला घेऊन येते तेव्हा संगणक किती आहेत, हे ती विचारत नाही. ‘शिकवायला बाईच आहेत ना? सुटतात किती वाजता? जिन्यात दिवा आहे का?’ हे तिचे प्रश्न. या प्रश्नांची नीट उत्तरं असलेला वर्ग टिकतो. हेरातमध्ये या प्रश्नांना जिवाचा धोका जोडलेला होता. मुलीला शाळेत धाडणं म्हणजे शेजारपाजारचे टोमणे, नातेवाइकांचा रोष आणि रस्त्यावरची भीती असं सगळं अंगावर घेणं. त्या पन्नास मुलींच्या घरच्यांनी ते घेतलं, हे त्यांच्या नावावर मांडायला हवं.

शिकवत काय? वेबसाइट तयार करायचं सगळं: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. मग मोबाइलवरची ॲप, ‘युनिटी’ वापरून गेम, आणि ग्राफिक डिझाइन. अभ्यासक्रम कागदावर जगातल्या कुठल्याही शाळेसारखा दिसतो. पण फारसी लिहिणाऱ्या मुलीला वेबपान शिकवणं म्हणजे काय, ते जवळून पाहिलं तर फरक कळतो. फारसी उजवीकडून डावीकडे जाते आणि कोड डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत दोन्ही आले की कर्सर उड्या मारतो. कंस उलटे दिसतात, पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो आणि निवडलेला मजकूर मधूनच तुटल्यासारखा वाटतो. नवशिकीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग पानाच्या सुरुवातीला दिशेची सूचना लिहायची, ‘डीआयआर’ बरोबर ‘आरटीएल’, आणि पान सरकून उजवीकडे येतं, मथळा जागेवर बसतो, आपली भाषा आपल्यासारखी दिसू लागते. जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं पडद्यावर आली की आपल्या वर्गातल्या मुलींचे चेहरे पडतात, आणि योग्य फॉन्ट लावल्यावर ते कसे उजळतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. संगणक आपल्या भाषेला ओळखतो हे कळणं ही मुलीसाठी मोठी घटना असते. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीसाठी तर फारच मोठी.

शाळेच्या कामांपैकी जगभर गाजला तो एक मोबाइल गेम. ‘फाइट अगेन्स्ट ओपियम’, अफूविरुद्धची लढाई. तो करणाऱ्या विद्यार्थिनीचा भाऊ हेलमंद प्रांतात दुभाष्या म्हणून काम करत होता. हेलमंद म्हणजे तेव्हाचं अफगाणिस्तानातल्या अफूच्या शेतीचं मुख्य क्षेत्र. भाऊ घरी येऊन जे सांगे, ते तिनं खेळात घातलं. खेळणारा सैनिक होऊन अफूची शेतं साफ करायला निघतो. वाटेत भूसुरुंग आहेत, तस्कर आहेत, दबा धरून बसलेले शत्रू आहेत. जीव सांभाळत पुढं जायचं, आणि शेतकऱ्यानं अफूऐवजी केशर लावावं हा त्या खेळामागचा विचार.

या केशरापाशी थोडं थांबायला हवं, कारण ते बाहेरच्या कुणी सुचवलेलं नाही. हेरात हा अफगाणिस्तानातला केशराचा मुख्य प्रांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऊन चढण्याआधी, फुलं खुडायची असतात. मग प्रत्येक फुलातून तीन तंतू हातानं वेगळे काढायचे. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. हे खुडणं आणि निवडणं प्रामुख्यानं बायका करतात. त्यामुळं हेरातच्या घरात केशर म्हणजे बायकांच्या कष्टाचा आणि कमाईचा जिन्नस. कुणा परदेशी तज्ज्ञाला या खेळाचा शेवट बंदुकीनं करावासा वाटला असता. हेरातच्या मुलीला पर्याय म्हणून पीक सुचलं, आणि तेही बायकांच्या हातचं. स्थानिक मुलींच्या हातात साधन दिल्यावर काय होतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. पुढं विद्यार्थिनींनी आणखी गेम केले. त्यातल्या ‘अफगाण हिरो गर्ल’ मध्ये पारंपरिक वेशातली अफगाण मुलगीच नायिका आहे.

२०१७ साल हेरातच्या मुलींचं होतं असं म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी हेरातच्या मुलींचा रोबोटिक्स संघ अमेरिकेतल्या स्पर्धेला निघाला, दोनदा व्हिसा नाकारला गेला, शेवटच्या घटकेला परवानगी मिळाली, आणि जुलैत वॉशिंग्टनला त्या मुलींना धैर्याबद्दल रौप्यपदक मिळालं. पुढच्याच महिन्यात हेरातमधल्या एका मशिदीवर हल्ला झाला आणि संघातल्या एका मुलीचे वडील त्यात गेले. हा संघ वेगळ्या संस्थेचा, रोया महबूब यांच्या प्रयत्नांतला. पण ही माणसं एकाच शहरातली, आणि त्या शहरात मुलीच्या हातात यंत्र देण्याची किंमत काय होती हे या एका उन्हाळ्यावरून समजतं.

    

कमाईकडे वळू. शाळेनं पहिल्यापासून एक धोरण ठेवलं की मुलगी शिकली म्हणून काम संपत नाही. तिला पैसे मिळवून देणारं पहिलं काम मिळालं पाहिजे. वेबसाइट, लोगो, चित्रं अशी बाहेरची कामं शाळेमार्फत येऊ लागली. मुली ती करून देऊ लागल्या. काही मुली घरातल्या पुरुषाइतकं किंवा त्याहून जास्त मिळवू लागल्या, असं फोरोग यांनी वेळोवेळी सांगितलं आहे. मग घरातलं बोलणं बदलतं. ‘कशाला पाठवायचं’ म्हणणारा भाऊ तिला शाळेत सोडायला येऊ लागतो. पैशामुळं मुलीला मान मिळावा हे कुणाला उणं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्या घरात तिचं मत विचारलं जात नव्हतं, तिथं ते विचारलं जाण्याची सुरुवात कुठून तरी व्हायला हवी, आणि महिन्याच्या किराण्यापासून झाली तर ती पक्की होते. दोनशेहून अधिक मुली शिकून बाहेर पडल्या होत्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ उजाडला.

१२ ऑगस्टला हेरात तालिबानच्या हाती गेलं. तीन दिवसांनी काबूल पडलं. शाळा बंद झाली. फोरोग यांनी परदेशातून आणि शिक्षकांनी तिथून, दोन्हीकडून मिळून, जे करता येण्यासारखं होतं ते झपाट्यानं केलं. वर्ग ऑनलाइन नेले. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोचवले, इंटरनेटच्या डेटाचे पैसे दिले. थोड्याच महिन्यांत बहुतेक मुली पुन्हा अभ्यासाला बसल्या, आता आपापल्या घरात. या संस्थेच्या इतिहासात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते हेच आठवडे. शहरात धरपकडीची भीती, घरात पुढं काय याची चिंता, आणि कुणीतरी जावास्क्रिप्टचा पुढचा पाठ पाठवतंय. शिकवणाऱ्यांनी त्या दिवसांत अभ्यासक्रम सोडला नाही, याचं महत्त्व मुलींना दिलासा मिळण्याइतकंच नव्हतं. पाठ आला म्हणजे उद्याही असणार आहे, असा त्याचा अर्थ होता.

पण अभ्यासाआधी पोटाचा प्रश्न उभा राहिला. अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत असलेले सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेनं गोठवले. बँकांपुढं रांगा लागल्या, पैसे काढण्यावर मर्यादा आली, परदेशातून रक्कम पाठवणं जवळपास थांबलं. अनेक घरांतले कमावते पुरुष बेकार झाले आणि बायकांच्या नोकऱ्या तर गेल्याच. शाळेनं तेव्हा मुलींना मदत आणि मजुरी पाठवली ती क्रिप्टोचलनातून. डॉलरशी भाव बांधलेलं चलन मुलीच्या मोबाइलमधल्या पाकिटात यायचं. ती शहरातल्या सराफाकडे, म्हणजे चलन बदलून देणाऱ्याकडे, जायची किंवा घरच्या कुणाला पाठवायची. तिनं तिकडे चलन पाठवलं की इकडे हातात अफगाणी नोटा. त्यातून पीठ, तेल आणि घरभाडं भागायचं. पाच-सात वर्षांपूर्वी मजुरी पुरुषाच्या हातात पडू नये म्हणून जी युक्ती करून पाहिली होती, ती आता पूर्ण घराला जगवायला उपयोगी पडली. क्रिप्टोचलनाबद्दल माझ्या मनात बऱ्याच शंका आहेत. आपल्याकडे त्यात पैसे घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण बँक बंद असताना मुलीपर्यंत पैसा पोचवणारा तो एक मार्ग होता, आणि ज्यांनी तो वापरला त्यांना दोष देणं माझ्यानं होणार नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये हेरातमधली हे चलन बदलून देणारी दुकानं पोलिसांनी बंद केली आणि काही व्यापाऱ्यांना अटक केली. तो मार्गही चिंचोळा झाला.

बाकीचे दरवाजे कसे बंद होत गेले ते तारखांनी सांगते, कारण तारखाच पुरेशा बोलतात. सप्टेंबर २०२१मध्ये हायस्कुलं उघडली ती मुलांसाठी. २३ मार्च २०२२ला मुलींसाठी उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि त्याच सकाळी त्यांना परत पाठवलं. २० डिसेंबर २०२२ला विद्यापीठं मुलींना बंद झाली. चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना मनाई झाली. डिसेंबर २०२४मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही थांबवलं. म्हणजे ज्या देशात बाईला बाईनंच तपासावं असा आग्रह आहे, तिथं बाईला ते शिकताही येईना.

या घटनांची झळ आपल्या पुण्यालाही लागली. पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी कितीतरी वर्षांपासून आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर, कोंढव्यात ते सहज भेटतात. करोनाच्या काळात घरी गेलेल्या अनेकांना, त्यांत मुलीही होत्या, ऑगस्ट २०२१मध्ये आधीचे व्हिसा रद्द झाल्यामुळं परतता आलं नाही. पदवी अर्ध्यावर राहिलेली मुलगी काबूलमध्ये किंवा हेरातमध्ये आणि तिची वही-पुस्तकं पुण्याच्या खोलीत, असं झालं. त्यांच्यापैकी ज्यांना ऑनलाइन शिकता आलं, त्या शिकल्या. ज्यांना नाही, त्यांचं वर्ष गेलं, मग पुढचंही गेलं.

आता एक वादाचा मुद्दा. मुलींना घरी बसून करता येईल असं काम शिकवणं म्हणजे त्यांना घरात बसवणाऱ्यांचंच काम सोपं करणं आहे, असं काही मैत्रिणी म्हणतात. तो आक्षेप मी गांभीर्यानं घेते. बाईला रस्त्यावर, कचेरीत, बाजारात जागा हवी. ती मागणं सोडून चालणार नाही. पण हेरातच्या शाळेनं ती मागणी सोडलेली नव्हती. सहा वर्षं तिनं मुलींना एका इमारतीत आणलं. मुली एकमेकींच्या पडद्यात डोकावल्या, चुका दाखवल्या, हसल्या, बरोबर जेवल्या. त्या खोलीची किंमत कोडपेक्षा कमी नव्हती. २०२१मध्ये खोली हिरावली गेली ती बंदुकीच्या जोरावर. त्यानंतर मुलींकडे जे उरलं ते त्यांच्या बोटांत होतं. कचेरीतच करता येणारं काम शिकवलं असतं तर तेही गेलं असतं. फोरोग यांच्या आईनं शिवणकाम निवडलं तेव्हा तिनं इराणातल्या निर्वासितपणाला मान्यता दिली नव्हती. मुलांच्या वह्या आणल्या होत्या. मी या शाळेचं धोरण त्याच नजरेनं पाहते. आणि आपल्या वर्गासाठीही यातून एक आग्रह धरते. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र देऊन आपण थांबतो, तिथं थांबू नये. मुलीच्या नावावर पहिलं बिल निघेपर्यंत, आणि त्याचे पैसे तिच्याच खात्यात जमा होईपर्यंत, वर्गानं तिच्याबरोबर राहावं.

शाळेच्या दहाव्या वर्षी अफगाणिस्तानात एक नवी गोष्ट झाली. सप्टेंबर २०२५च्या मध्याला ‘अनैतिक गोष्टी रोखण्यासाठी’ म्हणून बल्खसह काही प्रांतांतलं फायबरचं इंटरनेट तोडलं गेलं. २९ सप्टेंबरला तर साऱ्या देशाचं इंटरनेट आणि मोबाइल सेवा थांबली. विमानं, बँका, दवाखान्यांचे फोन, सगळंच बंद पडलं. दोन दिवसांनी, १ ऑक्टोबरला, सेवा परत आली. घरात बसून शिकणाऱ्या मुलींसाठी याचा अर्थ वेगळाच होता. याआधीच्या प्रत्येक बंदीनं त्यांना बाहेर जाण्यापासून अडवलं होतं. ही बंदी घराच्या आत, त्यांच्या टेबलापर्यंत आली. परत तसं होऊ शकतं, हे आता तिथं शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी पाठ आधीच उतरवून लॅपटॉपमध्ये ठेवणं, इंटरनेटशिवाय चालणारी साधनं वापरणं, एका मुलीनं शेजारच्या दुसरीला पेन ड्राइव्हवर धडे पोचवणं, असे उपाय करता येतात. खेडेगावात रेंज नसलेल्या मुलींसाठी आपणही यातलं बरंच काही करून पाहिलं आहे. यातल्या जाणकार बायकांनी हेरातसारख्या ठिकाणच्या शिक्षिकांशी आपलं अनुभवाचं टिपण वाटून घ्यावं. इंग्रजीत मांडायला मदत लागली तर वर्गातल्या माजी विद्यार्थिनी तयार आहेत.